हांक आणि ओ

महाभारताच्या आदिपर्वांतील उपमन्यूची कथा आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं गुरुभक्तीचा धडा म्हणून ऐकलेली असते. आयोद धौम्य नांवाच्या आचार्यांचा हा शिष्य गुरूंच्या गाई राखीत असे. त्याची परीक्षा पाहण्यासाठीं आचार्यांनीं त्याची भिक्षा बंद केली, मग गाईंचें दूध बंद केलें, मग वासरांच्या तोंडचा फेंसही बंद केला. तेव्हां भुकेनें व्याकुळ होऊन त्यानें रानांत रुईचीं पानें खाल्लीं; त्या योगें त्याची दृष्टि गेली आणि चांचपडत चालतां चालतां तो एका विहिरींत पडला. कथेचा एवढा भाग सर्वांच्या ध्यानांत राहतो. अश्विनीकुमारांच्या कृपेनें त्याला पुन्हां दृष्टि आली, हा शेवटही राहतो. परंतु मध्यें एक लहानसा प्रसंग आहे, त्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं.

सूर्य मावळावयास आला तरी उपमन्यु आश्रमांत परत आला नाहीं, हें आचार्यांच्या ध्यानांत आलें. आपण त्याचें सर्व अन्न तोडलें म्हणून तो रुसला असेल, असा त्यांनीं स्वतःच्या वर्तनाकडे पाहून तर्क केला. मग शिष्यांना बरोबर घेऊन तो रोज जेथें गाई चारीत असे त्याच रानांत ते गेले, आणि त्याचें नांव घेऊन त्यांनीं हांक मारली. विहिरींतून उपमन्यूनें ओ दिली. आचार्य विहिरीशीं आले आणि आंत कसा पडलास, हें त्यांनीं त्यालाच विचारलें.

ह्या प्रसंगांत चार गोष्टी आहेत. माणूस आला नाहीं हें त्याच दिवशीं ध्यानांत येणें; तो कां आला नसेल ह्याचा त्याच्या बाजूनें विचार करणें; आपल्याला सुचेल तेथें न जातां त्याच्या नित्याच्या वाटेनें जाणें; आणि हांक मारून ओ येईल इतका वेळ स्वस्थ राहणें. दृष्टि नसलेला मोठा माणूस हरवला असतां त्याचा शोध ह्याच चार गोष्टींवर उभा राहतो, आणि पुष्कळदां त्यांतलीच एखादी सुटल्यामुळें तो फसतो. ह्या विषयाचा गृहस्थी दृष्टीनें कांहीं विचार करावा, असें मनांत आहे.

हा विषय आपल्या घरापासून दूरचा आहे असें कोणीं समजूं नये. २०११ च्या जनगणनेंत पाहण्याच्या बाबतींत अपंग म्हणून नोंदलेल्या माणसांची संख्या आपल्या देशांत सुमारें ५० लाख भरली. मोतीबिंदु, काचबिंदु, मधुमेहानें बिघडलेला डोळ्याचा पडदा, वाढत्या वयाबरोबर झिजणारी नजर, ह्यांपैकीं एखादें दुखणें मोठ्या कुटुंबांत कोणाना कोणाच्या वांट्यास येतेंच. आजोबा, काका, आत्या, कधीं ऐन तारुण्यांतला भाचा किंवा पुतण्या, असें कोणीतरी घरांत असतें. आणि घर मोठें असल्यामुळेंच त्या माणसाकडे दुसरें कोणी पाहत असेल अशी प्रत्येकाची समजूत असते. दहा माणसांच्या घरांत संध्याकाळचे आठ वाजेपर्यंत एक माणूस परतलें नाहीं हें कळूं नये, ह्याचें कारण हेंच.

पहिला प्रश्न असा, कीं त्या माणसाला दिसतें तरी किती? ‘अंध’ ह्या एका शब्दाखालीं अनेक अवस्था दडलेल्या आहेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग-हक्कांच्या कायद्यानेंही अंधत्व आणि अल्पदृष्टि असे दोन भाग केलेले आहेत. चांगल्या डोळ्याची नजर, चष्मा लावूनही, ३/६० हून कमी असेल, किंवा दृष्टीचें क्षेत्र १० अंशांहून अरुंद असेल, तर तो अंध गणला जातो. म्हणजे कायद्यानें अंध ठरलेल्या पुष्कळांना उजेड, रंग, आकार ह्यांपैकीं कांहींतरी दिसत असतें. शोधाच्या दृष्टीनें हा भेद फार महत्त्वाचा आहे. काचबिंदूनें बहुधा बाजूची नजर जाते आणि समोरची पुष्कळ काळ टिकते. असा माणूस समोरचा दिवा पाहून चालतो आणि बाजूच्या खड्ड्यांत पडतो. मोतीबिंदूच्या माणसाला दुपारचें ऊन आणि रात्रीं समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे असह्य होतात. डोळ्याच्या पडद्याचा एक आनुवंशिक विकार असा आहे, कीं त्यांत प्रथम रातांधळेपणा येतो. तो माणूस दिवसा एकटा बाजार करून येतो आणि दिवेलागणीनंतर त्याच रस्त्यावर हतबल होतो. मधुमेह्याच्या डोळ्यांत अकस्मात् रक्तस्राव होऊन चालतां चालतां नजर जाऊं शकते. शिवाय रक्तांतील साखर उतरली तर तो भ्रमल्यासारखा बोलतो आणि लोक त्याला दारू प्यालेला समजतात. म्हणून ‘त्यांना दिसत नाहीं’ एवढेंच सांगणारें घर शोधणाऱ्याला फारसें कांहींच सांगत नाहीं. काय दिसतें, केव्हां दिसतें, औषध कोणतें आणि तें चुकलें तर काय होतें, हें सांगतां आलें पाहिजे.

दुसरा प्रश्न, तो चालतो कसा? डोळस माणसाला वाटतें, कीं अंध माणूस अंधारांत चालतो. वस्तुतः तो कांठानें चालतो. भिंत, कुंपण, फरसबंदीची कड, गटाराचा कठडा, अशा कांठाला काठी लावून तो रेषा धरतो. पिठाच्या गिरणीचा आवाज, भट्टीच्या पावाचा वास, पायाखालचा उतार, बोळ सुटतांच अंगावर येणारा वारा, हे त्याचे मैलाचे दगड असतात. हा कांठ तुटला कीं तो अडचणींत येतो. नळासाठीं खणलेला रस्ता, वाटेंत उभी केलेली मोटार, नवा मांडव, ह्यांनीं रेषा मोडते. धो धो पाऊस आणि ध्वनिवर्धकाचा गोंगाट ह्यांनीं आवाजाच्या खुणा पुसल्या जातात. गणेशोत्सवाच्या दिवसांत नित्याच्या चौकांत अंध माणूस गोंधळला, तर त्याचें कारण त्याची बुद्धि नसून चौकांतला ढोल हें असतें.

कांठ सुटून मोकळ्या जागीं पडलेल्या माणसाचें काय होतें, ह्याची शास्त्रीय परीक्षाही झालेली आहे. २००९ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें यान सौमन ह्या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं डोळस माणसांचे डोळे बांधून त्यांना मोकळ्या मैदानांत सरळ चालावयास सांगितलें. आपण सरळच चाललों आहों अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षांत तीं माणसें वर्तुळांत फिरत होतीं, आणि कांहीं वर्तुळांचा व्यास तर २० मीटरांहूनही कमी होता. तीं माणसें सरावाचीं अंध नव्हतीं हें खरें. तथापि दिशेची खूण नाहींशी झाली म्हणजे पाय सरळ पडत नाहींत, एवढें त्यावरून दिसतें. ह्याचा गृहस्थानें घ्यावयाचा अर्थ असा, कीं पायीं गेलेला आणि कांठ सुटलेला अंध माणूस पुष्कळदां आपण समजतों त्याहून जवळ असतो. मंडळी स्टेशनावर, मोटारतळावर, परगांवच्या नातेवाइकांकडे धांवतात. आणि तो मात्र नित्याच्या वाटेजवळच्या मैदानांत, बाजाराच्या आवारांत, बांधकामाच्या जागीं किंवा नाल्याच्या पुलाखालीं असतो.

येथें आमच्या नात्यांतील एक हकीकत सांगणें अस्थानीं होणार नाहीं. गांवाचें आणि मंडळींचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. ह्या गृहस्थांना सर्वजण नाना म्हणतात. पंचेचाळिशींत काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. रोज चार वाजतां काठी घेऊन ते एकटे विठ्ठलमंदिरांत जात आणि ओट्यावर दोन घटका बसून दिवेलागणीच्या आंत परत येत. भाद्रपदांतल्या एके दिवशीं ते परत आले नाहींत. सात वाजतां धाकट्या सुनेनें विचारलें, “नाना आले का?” तेव्हां कोणी म्हणालें माडीवर असतील, कोणी म्हणालें शेजारीं असतील. आठ वाजतां घर हललें. एकजण नदीच्या घाटावर गेला, दोघे मोटारतळावर गेले. सकाळीं घरांत कांहीं बोलाचाली झाली होती, म्हणून रागावून ते बहिणीच्या गांवीं गेले असावेत असें एकानें ठरविलें आणि रात्रीं तीन गांवांना फोन झाले. पुतण्या मोटारसायकलीवर बसून गल्लीगल्लींतून ‘काका, काका’ अशा हांका मारीत हिंडला. पोलीस ठाण्यावर नोंद झाली. तेथील अंमलदारानें नानांची नेहमींची वाट कोणती, असें विचारलें, तेव्हां बरोबर गेलेल्या तिघांपैकीं एकालाही ती नीट सांगतां आली नाहीं.

पहाटे पांचाच्या सुमारास बाजाराच्या आवारांत झाडावयास आलेल्या बाईला पत्र्यावर थांबून थांबून टकटक ऐकूं आली. गुरांच्या बाजाराच्या रिकाम्या छपराखालीं नाना उभे होते आणि काठीनें पत्रा वाजवीत होते. घरापासून ती जागा पाव कोसही नव्हती. नळासाठीं रस्ता खणला होता. मातीच्या ढिगाला वळसा घालतांना भिंत सुटली, मग पाऊस आला, आणि पत्र्यावरच्या त्या आवाजांत त्यांना दिशा कळेनाशी झाली. तेव्हां ते शहाणपणानें एका जागीं थांबले. पुतण्या म्हणाला, “काका, मी दोनदां ह्या रस्त्यानें हांका मारीत गेलों. तुम्ही ओ कां दिली नाहीं?” नाना म्हणाले, “बाळ, मी दोन्ही वेळां दिली. तुझ्या गाडीचें यंत्र बंद असतें तर तुला ऐकूं आली असती.”

ह्या उत्तरांत आमच्या विषयाचें सार आहे. हरवलेला अंध माणूस म्हणजे हरवलेली वस्तु नव्हे. तोही आपल्या बाजूनें शोध करीतच असतो. तो ऐकत असतो, ओ देत असतो, खूण वाजवीत असतो. शोधणाऱ्यांनीं पायीं चालावें, शंभर पावलांवर थांबावें, ज्या नांवानें तो ओ देतो त्या नांवानें हांक मारावी, आणि मग मनांत वीस अंक मोजीपर्यंत कोणींही बोलूं नये. परक्याच्या आवाजापेक्षां घरच्याचा आवाज बरा. म्हणून पोलिसांबरोबर घरचें एक माणूस असावें. मात्र वृद्धाला स्मृतिभ्रंशही असेल तर ही रीत पुरत नाहीं, कारण तो हांकेला ओ देईलच असें नसतें. तेथें कोपरा न् कोपरा प्रत्यक्ष पाहावा लागतो. आणि म्हणूनच ही गोष्ट प्रथमच सांगून टाकावी, लपवूं नये.

पोलिसांकडे केव्हां जावें? चोवीस तास वाट पाहावी लागते ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. तसा कायदा नाहीं. नित्याच्या वेळेनंतर शेजारपाजार आणि नेहमींची वाट पाहून होतांच ठाण्यावर जावें, किंवा ११२ ह्या क्रमांकावर फोन करावा. घरांतल्या अर्ध्यांनीं ठाण्यावर जावें आणि अर्ध्यांनीं वाटेवर असावें. घरीं मात्र एक माणूस राहिलेंच पाहिजे, कारण हरवलेला माणूस पुष्कळदां आपणच परत येतो. अलीकडच्या छायाचित्राबरोबर अंगावरचे कपडे, काठी पांढरी कीं साधी, चष्मा काळा कीं कसा, चाल कशी, भाषा कोणत्या येतात, खिशांत काय होतें, हें सांगावें. मोबाईल बरोबर असेल तर तो कोठें आहे हें मोबाईल कंपनी पोलिसांना कळवूं शकते, आपल्याला कळवीत नाहीं. म्हणून ही विनंति प्रथमच करावी, कारण रात्र सरली कीं विजेचा सांठा संपून तो मुका होतो.

ठाण्यानंतर रुग्णालयें. सरकारी रुग्णालयांत ‘अनोळखी इसम’ म्हणून दाखल झालेल्यांची चौकशी नुसत्या नांवानें करूं नये, वर्णनानें करावी; बेशुद्ध माणूस अंध आहे हें तेथें कोणास माहीत असेलच असें नाहीं. मुंबईसारख्या शहरांत रेल्वेचे पोलीस निराळे असतात, त्यांजकडेही नोंद द्यावी, आणि स्थानिक गाड्यांतील दिव्यांगांच्या डब्यांत नित्य प्रवास करणाऱ्यांना विचारावें. त्या डब्यांतील मंडळी एकमेकांना आवाजानें ओळखतात, आणि आपला माणूस रोज कोणत्या स्टेशनावर उतरतो हें कित्येकदां त्याच्या घरापेक्षां त्यांना अधिक ठाऊक असतें. आणखी एक ठिकाण सुचविण्यास संकोच वाटतो, पण सुचविलेंच पाहिजे. स्टेशनाच्या पायरीवर थकून बसलेला मळक्या कपड्यांतला अंध माणूस पाहणाऱ्याला भिकारी वाटतो. आपल्या राज्यांत भीक मागण्याच्या प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा आहे आणि त्याखालीं धरलेल्यांना ठेवण्यासाठीं भिक्षेकरी गृहें आहेत. तेथेंही चौकशी करावी. ‘आमचा माणूस तेथें कसा असेल’ हा अभिमान अशा वेळीं कामाचा नाहीं.

जाहिरात देतांनाही विवेक हवा. ‘अंध इसम हरवला आहे’ एवढेंच लिहिलें तर वाचणारा दुरून पाहून पुढें जातो. त्याऐवजीं ‘दिसत नाहीं, परंतु बुद्धीनें व वाणीनें पूर्ण शहाणे आहेत, जवळ जाऊन नांव घेऊन बोलावें’ असें लिहावें, म्हणजे लोक त्याच्याशीं बोलतील. घरच्या नंबराबरोबर ठाण्याचा नंबर द्यावा, आणि अंगावरची एखादी खूण मुद्दाम छापूं नये. दुःखांत असलेल्या घराला ‘तुमचा माणूस आमच्यापाशीं आहे, अमुक रुपये पाठवा’ असें सांगून लुबाडणारे लोक असतात. न छापलेली खूण विचारली कीं त्यांची परीक्षा होते. जत्रेंत, वारींत किंवा कुंभमेळ्यांत माणूस चुकला तर हरवलेल्यांच्या छावणींतून नांव पुकारून घ्यावें. प्रयागच्या मेळ्यांत राजाराम तिवारी यांनीं १९४६ सालीं अशा कामाची छावणी सुरू केली आणि पुढें जन्मभर तें व्रत चालविलें. दृष्टिहीनाला फलक वाचतां येत नाहीं, पण पुकारा पोंचतो. तेव्हां पुकाऱ्यांत नुसतें नांव न सांगतां, ‘जेथें असाल तेथेंच थांबून शेजारच्या माणसाला सांगा’ असेंही म्हणावें.

आणि माणूस सांपडल्यावर? त्याला धरून ओढूं नये. प्रथम आपलें नांव सांगावें, तो कोठें उभा आहे तें सांगावें, कोठें लागलें आहे का तें विचारावें, पाणी द्यावें. मग आपलें कोपर पुढें करावें. त्यानें तें धरावें आणि आपण अर्धें पाऊल पुढें चालावें. आपण त्याचा दंड धरून त्याला पुढें ढकलीत नेलें, तर त्याला पुढच्या पायरीची सूचना मिळत नाहीं, आणि चारचौघांत आपण पकडून आणले गेलों असें वाटतें तें निराळेंच.

ह्यावरून विषयाच्या अवघड भागाकडे आपण येतों. हरवलेला माणूस प्रौढ आहे. प्रौढ माणूस कधीं कधीं हरवत नाहीं, तर निघून जातो. आदिपर्वांतच दीर्घतमा ऋषीची कथा आहे. तो जन्मांध होता. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १४० पासून १६४ पर्यंतचीं सूक्तें त्याच्या नांवावर आहेत. परंतु घराला तो भार वाटूं लागला, आणि पोटच्या मुलांनीं त्याला तराफ्यास बांधून गंगेंत सोडून दिलें. पुढें वाहत जातांना बलिराजाला तो सांपडला आणि राजानें सन्मानानें त्याला आपल्या घरीं नेलें. आजच्या घरांत तराफा बांधीत नाहींत. परंतु जेवणाचें ताट समोर सरकवून निघून जाणें, त्याच्या देखत त्याच्याविषयीं तो नसल्याप्रमाणें बोलणें, सह्या घेतांना कागद वाचून न दाखविणें, ह्या गोष्टींनीं माणूस घरांतल्या घरांत दोर तुटल्यासारखा होतो.

आपल्या धर्मशास्त्रानेंही ह्या बाबतींत त्याला पूर्ण न्याय दिला असें म्हणतां येत नाहीं. मनु आणि याज्ञवल्क्य ह्या दोन्ही स्मृतींत जन्मांधाला दायभाग नाकारून केवळ पोषणाचा अधिकार दिला आहे. १९२८ च्या कायद्यानें हें बंधन पुष्कळ अंशीं दूर झालें आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें तें साफ गेलें. २०१६ चा कायदा तर स्पष्टच सांगतो, कीं दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेंच मिळकत धारण करण्याचा व आपले व्यवहार स्वतः करण्याचा अधिकार आहे. अमुकच ठिकाणीं राहण्याची सक्ति तिच्यावर होऊं नये, हेंही त्यांत आहे. म्हणून सज्ञान अंध माणूस शोधाअंतीं सुखरूप सांपडला आणि ‘मी स्वेच्छेनें आलों, घरीं परतावयाचें नाहीं’ असें म्हणाला, तर त्याला ओढून आणण्याचा अधिकार वडील भावालाही नाहीं. त्याची खुशाली कळली म्हणजे शोध संपला. पुढचें काम समजुतीचें आहे, आणि तें आचार्य धौम्यांप्रमाणें आपल्याकडून काय चुकलें ह्या प्रश्नापासून सुरू करावें लागतें.

नानांची पुढची हकीकत ह्याच कारणासाठीं सांगतों. ते परत आले तेव्हां घरांत पेढे वांटले गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांची काठी कपाटावर ठेवण्यांत आली आणि बाहेरच्या दाराला वरची कडी बसविण्यांत आली. ‘तुम्हांला जावयाचें असेल तेव्हां सांगा, कोणीतरी बरोबर येईल’ असें सर्वांनीं प्रेमानें सांगितलें. प्रत्येकाला काम होतें. तें ‘कोणीतरी’ कधीं मोकळें झालें नाहीं. नाना खुर्चीवर बसूं लागले. जेवण कमी झालें, झोंप गेली, बोलणें हो-नाहींवर आलें. एक रात्र बाहेर हरवलेला माणूस सहा महिने डोळ्यांसमोर हरवत होता आणि त्याची नोंद कोठेंच होत नव्हती.

शेवटीं त्यांच्या धाकट्या भावजयीनें एके दिवशीं काठी खालीं काढली आणि म्हणाली, “भाऊजी, आज मला तुमची वाट दाखवा. मी मागून येईन, बोलणार नाहीं.” त्या दिवशीं ती त्यांच्या मागून देवळापर्यंत गेली. कोठें भिंत धरतात, कोठें गिरणीचा आवाज ऐकून वळतात, कोणत्या दुकानदाराशीं दोन शब्द बोलतात, हें तिनें घरीं येऊन वहींत लिहून ठेवलें. वाटेवरच्या तीन दुकानदारांना घरचा फोन नंबर दिला. नानांना एक साधा मोबाईल आला. ‘दिसत नाहीं, मग फोन कशाला’ असें पूर्वीं घरांत म्हणत असत; वस्तुतः आज वाचून दाखविणारे व बोलणारे फोन सर्वत्र मिळतात. कपाटावरच्या काठीऐवजीं पांढरी लांब काठी आली. नाना पुन्हां चार वाजतां जाऊं लागले. परतण्याची वेळ ठरली. ती टळून अर्धा तास झाला कीं फोन करावयाचा, आणि फोन लागला नाहीं कीं वही घेऊन निघावयाचें, असा घराचा नेम झाला.

पांढऱ्या काठीचा इतिहासही हेंच सांगतो. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें जेम्स बिग्ज नांवाच्या छायाचित्रकाराची दृष्टि अपघातानें गेली. घराजवळची वाहनांची गर्दी पाहून त्यानें १९२१ सालीं आपली काठी पांढरी रंगविली, ती वाहनवाल्यांना दिसावी म्हणून. दुसऱ्या महायुद्धांत अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठीं रिचर्ड हूवर ह्यानें लांब काठीनें पुढची जमीन चांचपत चालण्याची रीत बसविली. जपानांत सेइइची मियाके ह्यानें पायाला कळतील अशा उठावाच्या फरशा काढल्या, आणि १८ मार्च १९६७ रोजीं ओकायामा शहरांत त्या प्रथम रस्त्यावर बसल्या. आज आपल्या रेल्वेच्या फलाटांवर पिवळ्या रंगाच्या दिसतात त्या ह्याच. ह्या सर्वांनीं अंध माणूस घराबाहेर पडणार हें गृहीत धरलें, आणि त्याची वाट सुरक्षित कशी होईल ह्याचा विचार केला.

वाचकांना शेवटीं एवढीच विनंति आहे. आपल्या घरांत असा माणूस असेल, तर ह्याच आठवड्यांत एकदां त्याच्या मागून त्याच्या वाटेनें चालावें. त्याला काय दिसतें, तो कशावरून वळतो, कोणाशीं बोलतो, कोणत्या नांवानें ओ देतो, हें त्यालाच विचारून एका वहींत लिहावें आणि ती वही घरांतल्या लहानथोरांना माहीत असलेल्या जागीं ठेवावी. तो घरीं बसून असेल, तर त्याला कोठें जावेंसें वाटतें हें विचारावें. संध्याकाळीं पानें मांडतांना कोण आलें आणि कोण यावयाचें आहे हें पाहण्याचें काम एका माणसाकडे नेमून द्यावें. ह्या सर्वांस पैसा लागत नाहीं, आणि वेळही एका दुपारीहून अधिक लागत नाहीं.